टेन डब्ल्यू थर्टी, बरोबर

माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानात एक नियम आहे. काउंटरवर असेल त्याने औषध हातात घेऊन नाव आणि ताकद मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने चिठ्ठीत बघून "बरोबर" म्हणायचं, मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. सत्तावीस वर्षांत हा नियम मी मोडू दिलेला नाही. घाईच्या वेळी लोक कुरकुरतात. एक गृहस्थ एकदा म्हणाले, "बाई, बातम्या सांगताय का?" मी म्हटलं, "हो, आणि उद्याच्या बातम्यांत तुम्ही येऊ नये म्हणून सांगतेय." माझं तोंड हे असं आहे. फटकळ म्हणतात लोक. मी स्वतःला स्पष्टवक्ती म्हणत असे.

गेली सहा वर्षं दुसऱ्या बाजूने "बरोबर" म्हणायचं काम माझ्या मुलीचं होतं. तिचे वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. कॉलेज सुटलं की दप्तर काउंटरखाली टाकायची आणि माझ्या शेजारी उभी राहायची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, ते नाव तिला चिकटलंच. गेल्या महिन्यात ती नर्स झाली आणि तिला डोंगरावरच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. इथून तीस किलोमीटर सपाट रस्ता आणि मग बारा किलोमीटर घाट. तिकडे बस दिवसातून एकदा जाते, तीही स्वतःच्या मर्जीने. म्हणून आम्ही निवृत्त झालेल्या एका मास्तरांची जुनी मोटारसायकल घेतली. दोन महिन्यांत भिंगरी ती चालवायला शिकली. चाळीसच्या वर काटा नेत नाही, वळणावर श्वास रोखून धरते, पण चालवते.

सोमवारी नोकरीचा पहिला दिवस होता. त्याआधी गाडीचं तेल बदलायला हवं होतं. गाडी घेताना मास्तरांनी तसं बजावून सांगितलं होतं आणि गाडीचं पुस्तकही दिलं होतं.

आमच्या दुकानापासून चार दुकानं सोडून मिस्त्रीचं गॅरेज आहे. मास्तरांची गाडी वर्षानुवर्षं त्यानेच सांभाळलेली. सरळ त्याच्याकडे न्यायची, विषय संपला असता. पण पंधरा दिवसांपूर्वी हा मिस्त्री गाल सुजवून माझ्याकडे आला होता. दाढ दुखत होती. "मागच्या वेळची ती गोळी द्या," म्हणाला. मी म्हटलं, "डॉक्टरची चिठ्ठी आणा." तो म्हणाला, "ताई, मागच्या वेळी लागू पडली होती." त्यावर मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ते औषध आहे मिस्त्री, ग्रीस नाही, दिसेल तिथे फासायला." लोक हसले. मिस्त्री सुजलेला गाल घेऊन निघून गेला.

त्यामुळे शुक्रवारी मी गॅरेजच्या दारात उभी राहून "मास्तरांच्या गाडीला तेल कुठलं घालायचं?" असं विचारलं, तेव्हा त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "गाडी आणा. बघितल्याशिवाय तेल सांगत नाही. तुम्हीच म्हणता ना, चिठ्ठी आणा म्हणून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नंबर पुस्तकात लिहिलेला असतो," मी म्हटलं. "मला वाचता येतं."

"नंबर असतो हो. पण त्या गाडीचा क्लच आधीच..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पाठ फिरवली होती. ते वाक्य पुढे मला ऐकायला मिळालं, पण तोवर फार उशीर झाला होता.

पुस्तकात तेलाचं पान सापडलं. टेन डब्ल्यू थर्टी. त्यापुढे एमए अशी दोन अक्षरं होती. मी चिठ्ठीवर आकडा उतरवून घेतला. अक्षरं कंपनीची वगैरे असतील म्हणून सोडून दिली. गोळीच्या नावापुढचं शेपूट वाचायला विसरलेल्या नव्या पोरांना मी किती वेळा फाडून खाल्लंय! साधी गोळी आणि सावकाश विरघळणारी गोळी यांत त्या शेपटाचाच फरक असतो. पण ते औषधांत. इथे तर नुसतं तेल होतं.

ऑइलच्या दुकानात मी चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने फळीवर नजर फिरवली. "ह्या नंबरात मोटारसायकलचं संपलंय. हे आहे. नंबर तोच."

"नंबर तोच ना?"

"तोच. बघा की."

बाटलीवर मोठ्या सोनेरी आकड्यांत टेन डब्ल्यू थर्टी असं लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकाला मी दिवसातून वीस वेळा हेच सांगते, की कंपनी वेगळी, आतलं औषध तेच, बिनधास्त घ्या. त्या क्षणी तेच वाक्य मी स्वतःला सांगितलं आणि बाटली पिशवीत टाकली. परत येताना मिस्त्रीच्या गॅरेजवरून मुद्दाम, पिशवी दिसेल अशी धरून गेले.

रविवारी दुपारी मागच्या अंगणात आम्ही दोघी कामाला लागलो. भिंगरीने फोनवर तीन वेळा बघून ठेवलं होतं. इंजिन थोडं गरम करायचं, खाली घमेलं ठेवायचं, तळाचा बोल्ट सोडायचा, काळं तेल गळू द्यायचं, बोल्ट परत लावायचा, मग वरून नवं तेल. बोल्ट काही केल्या सुटेना. मी पान्यावर उभी राहायच्या बेतात होते. सुटला तेव्हा गरम तेलाची धार माझ्या मनगटावर आली आणि मी मास्तर, मिस्त्री आणि मोटारसायकल ज्याने शोधून काढली तो माणूस, तिघांचाही उद्धार केला. भिंगरी हसत होती. तिच्या नाकाला काळं लागलं होतं. मला ती दुपार फार आवडली होती, हे सांगायला हवं.

तेल पुरतं गळालं. बोल्ट तिनेच लावला. मग मी बाटली उचलली आणि सवयीने मोठ्याने वाचली, "टेन डब्ल्यू थर्टी."

बाटलीची मागची बाजू तिच्याकडे होती. ती "बरोबर" म्हणाली नाही. खाली वाकून बघत राहिली.

"आई, पण..."

"पण-बिण काही नाही. पुस्तकात बघूनच आणलंय. मनगट चुरचुरतंय माझं, लवकर बोल."

ती सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "बरोबर."

मी तेल ओतलं.

सोमवारी सकाळी साडेआठला ती निघाली. पांढरा गणवेश बॅगेत, डोक्यावर हेल्मेट, फोन बॅगेच्या तळाशी. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही अशी शपथच मी तिला घातली होती. साडेदहाला हजर व्हायचं होतं. मी कोपऱ्यापर्यंत बघत राहिले आणि मग दुकान उघडलं.

येताना घरातला कचरा घेऊन आले होते, त्यात तेलाची रिकामी बाटली होती. आमच्या धंद्यात रिकामी बाटली तशीच टाकत नाहीत. आधी लेबल फाडायचं, म्हणजे कोणी त्यात भलतंच काही भरून विकणार नाही. औषधाची असो की कशाची, माझे हात आपोआप ते करतात. पुढचं लेबल सोलून काढलं. बाटली उलटी केली, चष्मा नाकावर ओढला आणि मागच्या लेबलचा कोपरा नखाने उचलला.

कोपऱ्यात नखाएवढी स्कूटर छापलेली होती. शेजारी दोन अक्षरं. एमबी. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. फक्त गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, मोटारसायकलमध्ये वापरू नये.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग पुस्तकातली अक्षरं आठवली. एमए. मनाची समजूत घालून बघितली, एका अक्षराने असं काय होणार, कंपन्या काहीही छापतात. पण मी असं म्हणणारी बाई नाही. एका अक्षराने काय होतं ते मला नीट ठाऊक आहे. भिंगरीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिने शपथ पाळली होती. घड्याळात आठ पन्नास झाले होते.

बाटली घेऊन मी धावत गॅरेजमध्ये गेले. शटर अर्धं वर होतं, मिस्त्री खोक्यावर बसून चहा पीत होता. त्याने मला बघितलं, बाटली बघितली आणि कप खाली ठेवला.

"हे मास्तरांच्या गाडीत घातलंत?"

"काल. काय होईल?"

"मुलगी कुठाय?"

"घाटाकडे निघालीय. साडेआठला. मिस्त्री, काय होईल ते सांगा!"

तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही, ते मला जास्त झोंबलं. "मोटारसायकलीचं इंजिन आणि क्लच एकाच तेलात असतात. क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना गच्च धरलं तरच चाकाला जोर मिळतो. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळ्या डब्यात. म्हणून तिचं तेल जास्त निसरडं केलं तरी चालतं. तेच इकडे घातलं की प्लेटा सटकायला लागतात."

"लगेच?"

"चांगल्या प्लेटा असत्या तर कदाचित चालूनही गेलं असतं. पण हिच्या झिजलेल्या आहेत. तेच सांगत होतो शुक्रवारी." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "सपाटीवर कळणारही नाही. चढावर कळेल. इंजिन बोंबलेल आणि गाडी जागची हलणार नाही. वळणात झालं तर मागे येईल."

मी दाराची चौकट धरली.

मिस्त्रीने फळीवरून तेलाची एक बाटली घेतली, दोन पाने आणि एक पसरट डबा गोणपाटात गुंडाळला आणि स्वतःची गाडी बाहेर काढली. "बसा मागे."

"मी? मी कधी..."

"ताई, बसा."

मी बसले. साडी गुडघ्यांत कोंबली, गोणपाट छातीशी धरलं आणि ज्या माणसाला मी चार माणसांत हसं करून हाकललं होतं त्याच्या खांद्याला घट्ट धरून बसले. दुकान उघडंच राहिलं. सत्तावीस वर्षांत तेही पहिल्यांदाच.

आयुष्यात मी इतकी गप्प कधी नव्हते. वारा तोंडावर मारत होता आणि डोक्यात हिशेब चालला होता. ती चाळीसने जाते. तीस किलोमीटर. म्हणजे सव्वानऊला घाटाच्या तोंडाशी. आम्ही निघालो तेव्हा नऊला दोन मिनिटं कमी. मिस्त्रीचा काटा सत्तरच्या पुढे थरथरत होता. सव्वानऊच्या नंतरची दहा मिनिटं आमच्या हातात नव्हती. त्या दहा मिनिटांत ती किती वळणं चढेल? तिसरं वळण सगळ्यात वाईट आहे, ती सरावाला जाऊन आली तेव्हा म्हणाली होती. "तिथे आई, मी डोळेच मिटते." मी तिला त्यावर झापलं होतं. डोळे मिटून गाडी चालवतात का, म्हणून. तिने गंमत केली होती हे मला आत्ता, मिस्त्रीच्या पाठीमागे बसून कळलं.

रेल्वेचं फाटक लागलं, ते उघडं होतं. पुढे रस्त्याच्या मधोमध शेळ्या होत्या. मिस्त्रीने हॉर्नवर अंगठा दाबून धरला, शेळ्यांना काही फरक पडला नाही. मीच मागून अशी ओरडले की शेळ्या आणि शेळीवाला दोघंही कडेला झाले. मिस्त्री एवढंच म्हणाला, "आवाजाचा उपयोग झाला." दुसरी वेळ असती तर मी ऐकून घेतलं नसतं.

घाटाच्या पायथ्याशी टायरवाल्याची टपरी आहे. मिस्त्री नुसता हळू झाला. "मोटारसायकलवर मुलगी? निळं हेल्मेट?"

"गेली की. दहा मिनिटं झाली. गाडी फार ओरडत होती तिची."

मिस्त्रीने गिअर टाकला. मी त्याचा खांदा इतका आवळला की नंतर तो म्हणाला, दाढेपेक्षा ते जास्त दुखलं.

पहिलं वळण. कोणी नाही. दुसरं वळण. वरून एक जीप उतरत होती, तिच्या ड्रायव्हरने आम्हाला हाताने "हळू, हळू" अशी खूण केली. अशी खूण कशासाठी करतात ते मला माहीत होतं. मी मनात काहीबाही बोलायला लागले. देवाशी नव्हे, भिंगरीशीच. तू उतर. गाडी सोड. गाडी गेली खड्ड्यात. तू फक्त उतर.

तिसऱ्या वळणावर ट्रक आडवा होता. त्याची डावी चाकं डोंगराकडच्या चरात गेली होती आणि मागचा भाग रस्त्यात आला होता. त्याच्यापलीकडे सात-आठ माणसं गोल करून उभी होती. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. आणि त्यांच्या पायांमधून आमच्या मोटारसायकलचं पुढचं चाक दिसत होतं, आडवं पडलेलं.

मिस्त्रीची गाडी थांबायच्या आत मी उतरले. गुडघ्यांवर पडले, उठले, एक चप्पल तिथेच राहिली. माणसं बाजूला ढकलताना मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. मिस्त्री सांगतो की मी "बरोबर नाही, बरोबर नाही" एवढंच ओरडत होते.

भिंगरी रस्त्याच्या कठड्यावर बसली होती. हेल्मेट मांडीवर होतं. उजव्या तळहाताची सालटं निघाली होती आणि कोणीतरी दिलेल्या बाटलीतल्या पाण्याने ती जखम धूत होती, अगदी शिकवल्याप्रमाणे, आतून बाहेर. तिने वर बघितलं.

"आई? तू कशी काय आलीस?"

मी तिला धरलं. तिचं डोकं, मान, हात, बोटं, सगळं चाचपून बघितलं.

"वळणातच जोर गेला," ती सांगायला लागली. "दुसरा गिअर होता. इंजिन नुसतं ओरडत होतं. गाडी थांबली आणि मागे यायला लागली. मागे ट्रक होता. मी उडी मारली. त्यांनी ट्रक चरात घातला म्हणून... नाहीतर..."

ट्रकवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. पन्नाशीचा माणूस, घामाने भिजलेला. भीती उतरली की राग चढतो, तसा त्याला चढला होता. "कोणी दिली हिच्या हातात गाडी? धड चालवता येत नाही, घाटात येतात! माझे हातपाय अजून गार आहेत. चढावर क्लच सोडायचा कसा ते तरी शिकवायचं ना कोणी!"

भिंगरीने मान खाली घातली. "चुकलं काका. माझाच हात..."

"तिचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. गोल करून उभी असलेली माणसं माझ्याकडे वळली. एवढ्या माणसांसमोर मी आजवर दुसऱ्यांच्याच चुका काढल्या होत्या. "तेल मी चुकीचं घातलं होतं. स्कूटरचं. तिच्या हाताची काही चूक नाही. माझी आहे."

ट्रकवाल्याने पागोट्यासारखा गुंडाळलेला टॉवेल काढून तोंड पुसलं आणि मिस्त्रीला म्हणाला, "चला, दगड लावायला हात द्या. ट्रक काढू."

माणसं ट्रकाकडे गेली. आम्ही दोघीच कठड्याशी राहिलो.

"खालीच कळलं होतं मला," भिंगरी म्हणाली. "पहिल्या वळणाच्या आधीच. गाडी ओढत नव्हती. मला वाटलं, माझाच क्लच चुकतोय. तेल तर तू वाचून घातलं होतंस."

"थांबायचं होतंस गं."

"तू वाचलं होतंस ना. मग चूक माझीच असणार असं वाटलं."

ती हातावरचं पाणी झटकत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "काल मला दिसली होती ती स्कूटर. मागच्या बाजूला. खालची ओळ तुझ्या बोटाखाली होती, पण स्कूटर दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

प्रश्न विचारला आणि उत्तर मला ऐकायला यायच्या आधीच कळलं. तिने ते तरीही सांगितलं, अगदी हळू, जणू मलाच लागेल म्हणून जपून. "तू ओरडली असतीस."

सत्तावीस वर्षं मी ज्या नियमाचा तोरा मिरवला, त्यातला दुसरा माणूस कशासाठी असतो? पहिल्याचं चुकलं तर सांगण्यासाठी. आणि माझ्या मुलीला मी सहा वर्षं शेजारी उभी करून फक्त "बरोबर" म्हणायला शिकवलं होतं. माझ्या पोरीला घाटात मागे येणाऱ्या गाडीची भीती वाटली त्याहून जास्त भीती माझी वाटत होती. मला रडू आलं. मी लपवलं नाही. तीच मला म्हणाली, "आई, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत."

मिस्त्री येऊन गाडीपाशी उकिडवा बसला. आरसा फुटला होता, पाय ठेवायची दांडी वाकली होती, बाकी धड होती. त्याने ती उभी केली, वास घेतला आणि मान हलवली. "प्लेटा जळल्यात. बदलाव्या लागतील. पण हे तेल आत ठेवून खाली नेली तर आणखी काही जळेल. इथेच काढू, नवं घालून मी सावकाश गॅरेजला नेतो. उतारच आहे." मग भिंगरीला म्हणाला, "तुला किती वाजता पोचायचंय?"

"साडेदहा."

"मग माझी गाडी ने वर. तिचा क्लच चांगला आहे. हात वळतोय ना?"

ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडात "आज राहू दे" आलं होतं. "तुला काय वाटतं?" मी विचारलं. असं मी तिला कधी विचारलं होतं, आठवत नाही.

तिने मूठ वळून, उघडून बघितली. "जाते," म्हणाली. "आधी हे संपवू. दहा मिनिटं आहेत."

मिस्त्रीने पान्याने तळाचा बोल्ट सोडला. सोनेरी तेल डब्यात गळायला लागलं, दिसायला किती छान होतं ते! जळका वास तेवढा येत होता. तेवढ्यात ट्रकवाल्याने हाक मारली, आणखी एक दगड हवा होता. "आलोच," म्हणून मिस्त्री गेला. जाताना गोणपाटातली बाटली माझ्या हातात देऊन म्हणाला, "घ्या ताई. ह्या वेळी चिठ्ठीप्रमाणे आणलंय."

ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

मी बाटली भिंगरीला दिली. "तू वाच. पुढून, मागून, सगळं."

तिने वाचलं. आवाज दुकानात असतो तसा, स्पष्ट. "टेन डब्ल्यू थर्टी. एमए. मागे मोटारसायकलचं चित्र. गिअरच्या मोटारसायकलसाठी."

मी चष्मा लावून स्वतः बघितलं. दोन्ही बाजू बघितल्या. "बरोबर," मी म्हटलं. हा शब्द म्हणणाऱ्या बाजूला मी कित्येक वर्षांत उभी नव्हते.

खालची धार बारीक होत होत थेंबांवर आली आणि थांबली. डबा मी ओढून बाजूला ठेवला. मिस्त्रीची वाट कशाला बघायची, हे काम तर मला येत होतं. शिवाय हात कशात तरी गुंतवायचे होते. मी वरचं झाकण काढलं, बाटलीचं बूच फिरवलं आणि बाटली तिरकी केली.

"आई, पण..."

माझ्या तोंडातून "पण-बिण" अर्धं बाहेर आलंच होतं. ते मी दातांखाली धरलं. बाटली तशीच तिरकी, तेल तोंडाशी आलेलं. भिंगरीने एक पाऊल मागे घेतलं होतं. ते मी बघितलं.

"बोल," मी म्हटलं.

"काही नाही, म्हणजे..."

"नाही. बोल. पूर्ण बोल. मी थांबलेय."

तिने खाली बोट दाखवलं. "तळाचा बोल्ट लावलेला नाही."

मी वाकून बघितलं. इंजिनाच्या तळाला भोक उघडं होतं आणि बोल्ट माझ्याच पायाशी गोणपाटावर पडला होता. ओतलं असतं तर सगळं तेल रस्त्यावर गेलं असतं. मी बाटली सरळ केली, बोल्ट पुसून तिच्या हातात दिला आणि ती तो घट्ट आवळेपर्यंत एक शब्दही बोलले नाही.